चौसष्ट किलोबाइटची कारागिरी

चाळीस वर्षांपूर्वी बाजारात आलेले आणि तीस वर्षांपूर्वी बाजारातून उठलेले ‘आठ बिटी’ घरगुती संगणक अद्याप निवृत्त झालेले नाहीत. युरोपातील हौशी मंडळी त्यांच्यासाठी आजही नवनव्या चित्र-संगीत रचना तयार करीत आहेत. काही देशांनी तर या छंदाची सांस्कृतिक वारसा म्हणून अधिकृत नोंद केली आहे. हा प्रकार नेमका काय आहे, याचा हा वेध.

‘डेमो’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेऊन दारात उभा राहिलेला विक्रेता. वस्तू विकण्यापूर्वी तिचे प्रात्यक्षिक दाखवायचे, एवढाच त्या शब्दाचा आपल्याला ठाऊक असलेला अर्थ. संगणकाच्या दुनियेत मात्र गेल्या चार दशकांत या शब्दाला आणखी एक अर्थ आला आहे. येथील डेमोमध्ये प्रात्यक्षिक असते, पण विकायचे काहीच नसते.

हा डेमो म्हणजे एक संगणकीय आज्ञावली. ती सुरू केली की पाच-दहा मिनिटे पडद्यावर चित्रे, आकृत्या, अक्षरे संगीताच्या तालावर हलू लागतात. पाहणाऱ्याने काही करायचे नसते, म्हणून तो खेळ नव्हे. ती आधी चित्रित करून ठेवलेली फीतही नव्हे. पडद्यावर जे दिसते आणि कानावर जे पडते ते संगणक त्या-त्या क्षणी स्वतः आकडेमोड करून घडवत असतो. ‘हे यंत्र हेही करू शकते’ एवढेच डेमोला सांगायचे असते. डेमो रचणाऱ्यांच्या या जगाला ‘डेमोसीन’ म्हणतात. आजच्या शक्तिमान संगणकांसाठीही डेमो तयार होतात. परंतु या जगात विशेष मान आहे तो १९८०च्या दशकातील आठ बिटी संगणकांवर नवे काही करून दाखविणाऱ्यांना.

यंत्र केवढे?

या यंत्रांचा आवाका समजल्याखेरीज त्यावरील कारागिरीचे मोल कळणार नाही. कमोडोर ६४ हा त्यातील सर्वांत गाजलेला संगणक. अमेरिकेतील कमोडोर कंपनीने तो १९८२ मध्ये ५९५ डॉलरना बाजारात आणला. जाडजूड कळफलकासारखा दिसणारा हा संगणक घरच्या टीव्हीला जोडायचा आणि सुरू करायचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा आणखी स्वस्त संगणक काढला. त्याची लहान आवृत्ती सव्वाशे पौंडांना मिळत असे. युरोपातील एका अख्ख्या पिढीने संगणक पहिल्यांदा हाताळला तो या दोन यंत्रांवर.

कमोडोर ६४ची स्मृती, म्हणजे मेमरी, ६४ किलोबाइट. आज आठ गिगाबाइट मेमरीचा मोबाइल खिशात असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. या मोबाइलची मेमरी कमोडोरच्या सव्वा लाखाहून अधिक पट आहे. मोबाइलने काढलेले एक साधे छायाचित्रही कमोडोरमध्ये मावणार नाही. त्याच्या प्रोसेसरचा वेग सेकंदाला सुमारे दहा लाख ठोके. आजचे प्रोसेसर अब्जांत मोजतात. पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके, रंग फक्त १६. तेही कोठेही हवे तसे वापरता येत नाहीत. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात दोनच रंग, असा नेहमीच्या पद्धतीचा दंडक. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या गृहिणीला ‘प्रत्येक चौकोनात दोनच रंग भर’ असे बजावल्यासारखे हे आहे.

आणखी एक हिशेब पाहू. युरोपातील टीव्हीवर चित्र सेकंदाला पन्नास वेळा नव्याने रेखाटले जाते. अशा एका चित्रासाठी कमोडोरच्या प्रोसेसरला १९ हजार ६५६ ठोके मिळतात. संपूर्ण पडद्याचे चित्र साठविण्यासाठी लागतात आठ हजार बाइट आणि एक बाइट मेमरीत लिहायला किमान चार ठोके जातात. म्हणजे नुसते चित्र भरायचे म्हटले तरी ३२ हजार ठोके हवेत. मिळतात त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. तात्पर्य, संपूर्ण पडद्यावर दर खेपेस नवे चित्र काढणे या यंत्राला गणितानेच अशक्य आहे. तरीही डेमोमध्ये संपूर्ण पडदा सळसळताना दिसतो. हे कसे साधते, यातच या कलेचे सारे मर्म आहे.

उगम कुलुपे फोडण्यातून

या कलेचा उगम फारसा सोज्वळ नाही. १९८०च्या दशकात संगणकावरील खेळ कॅसेट आणि फ्लॉपीवर विकले जात. त्यांची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या आज्ञावलीत निरनिराळी कुलुपे बसवीत. ही कुलुपे फोडणारे बहुतेकजण शाळकरी किंवा कॉलेजातील मुले होती. कुलूप फोडले की खेळाच्या सुरुवातीला ते आपल्या टोळीचे नाव झळकवणारी छोटीशी ‘नांदी’ जोडत. त्यात रंगीत पट्टे असत, संगीत असे आणि पडद्याच्या तळाशी सरकत जाणारा मजकूर असे. ‘अमक्या गटाला नमस्कार, तमक्या गटाला टोला’ असा त्याचा थाट.

हळूहळू चढाओढ खेळ कोण आधी फोडतो यावरून नांदी कोणाची सरस यावर आली. पुढे काहींना खेळाची गरजच वाटेनाशी झाली. नांदी तेवढी उरली, ती लांबली, तिला स्वतंत्र अस्तित्व मिळाले आणि तिचे नाव पडले डेमो. सॉफ्टवेअरच्या स्वामित्वहक्काचे कायदे युरोपात कडक होत गेले. युरोपीय समुदायाचा त्यासंबंधीचा निर्देश १९९१ मध्ये निघाला. तोपर्यंत डेमो रचणाऱ्यांचे जग चोरट्या नकलांच्या जगापासून बऱ्याच अंशी वेगळे झाले होते. सुरुवातीच्या खुणा मात्र राहिल्या. टोपणनावे घेणे, गटाच्या नावाने कृती प्रसिद्ध करणे आणि शेवटी इतर गटांना जाहीर नमस्कार करणे, हे रिवाज आजही पाळले जातात.

त्या काळी इंटरनेट नव्हते. नवे डेमो टपालाने फिरत. फ्लॉप्यांची देवाणघेवाण करणारा स्वतंत्र माणूस प्रत्येक गटात असे आणि डझनावारी पाकिटे पाठविण्याचा खर्च त्याच्या खिशाला परवडत नसे. त्यावर तोड अशी निघाली की तिकिटावर डिंकाचा पातळ थर द्यायचा. पोस्टाचा शिक्का त्या थरावर उमटायचा आणि पाण्याने धुतला की तिकीट पुन्हा कोरे. तिकिटे परत पाठवण्याची आठवण पत्रात न विसरता केलेली असे.

किरणाशी शर्यत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशक्य ते शक्य कसे होते? याचे पहिले उत्तर जुन्या टीव्हीच्या रचनेत आहे. त्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनचा एक किरण वरच्या डाव्या कोपऱ्यापासून एकेक ओळ रेखाटत खाली येई. युरोपीय पद्धतीत अशा ३१२ ओळी. कमोडोरमध्ये एका ओळीच्या वेळात प्रोसेसरचे ६३ ठोके होतात. किरण या घटकेला कोणत्या ओळीवर आहे, हे आज्ञावलीला विचारता येते. मग किरण वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर येईपर्यंत रंगाचा क्रमांक बदलला तर? वरची ओळ निळी उमटलेली असते, खालची तांबडी उमटते. चित्र बदललेलेच नाही. फक्त किरणाच्या पुढे धावत जाऊन त्याच्या हातातील रंग बदलला. पडद्यावर झळाळत वरखाली होणारे रंगीत पट्टे असे दिसू लागले.

हीच युक्ती हलत्या आकृत्यांनाही लागू पडते. कमोडोरमधील चित्राची चिप एका वेळी आठच स्वतंत्र आकृत्या हलवू शकते. त्यांना ‘स्प्राइट’ म्हणतात. परंतु किरण पहिल्या आठ आकृत्या रेखाटून खाली सरकला की त्याच आठांना उचलून खालच्या भागात पुन्हा उभे करता येते. एकांकिकेत शिपायाची भूमिका संपवून विंगेत गेलेला नट दुसरा अंगरखा चढवून सावकार म्हणून परत येतो, तसेच हे. प्रेक्षकाला पडद्यावर चाळीस-पन्नास आकृत्या दिसतात.

टीव्हीवर चित्राभोवती एक रिकामी चौकट असे. तेथे काही दाखवता येत नाही, असे कंपनीची पुस्तिका सांगत होती. डेमोकारांनी तीही उघडली. चित्र २५ ओळींचे ठेवायचे की २४ ओळींचे, हे ठरविणारी एक कळ या चिपमध्ये आहे. सीमा आली की चिप चौकट काढू लागते. किरणाने चोवीस ओळींची सीमा ओलांडली आहे, पण पंचविसाव्या ओळीची सीमा यायची आहे, नेमक्या अशा वेळी ही कळ २४वर फिरवायची. चिप सीमा येण्याची वाट पाहत राहते. ती तर मागेच गेलेली असते. चौकट काढायचे राहून जाते आणि तेवढी जागा डेमोला मोकळी मिळते. खालची-वरची चौकट अशी उघडणे तुलनेने सोपे. दोन्ही बाजूंच्या चौकटी उघडायच्या तर हीच चलाखी प्रत्येक ओळीत, नेमक्या ठोक्यावर करावी लागते. एका ठोक्याची चूक झाली तरी चित्र विस्कटते.

चिप घडविणाऱ्या अभियंत्यांनी अशी सोय मुद्दाम ठेवलेली नव्हती. यंत्राच्या स्वभावाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून ती बाहेरच्यांनी शोधून काढली. असे शोध १९८०च्या दशकात सुरू झाले आणि यंत्राचे उत्पादन थांबल्यावरही चालूच राहिले. त्यामुळेच २००८ मध्ये ‘बूझ डिझाइन’ या गटाने सादर केलेला ‘एज ऑफ डिसग्रेस’ किंवा २०१४ मधील ‘ऑक्सिरॉन’ आणि ‘सेन्सर डिझाइन’ या गटांचा ‘कोमालँड’ हे डेमो ज्या यंत्रावर चालतात त्याच यंत्रावरील १९८५ चे खेळ त्यांच्यापुढे अगदी बाळबोध वाटतात. यंत्रात काडीचाही बदल झालेला नाही. बदलले ते त्याविषयीचे ज्ञान.

पाठ केलेले पाढे

दुसरे उत्तर गणिताचे आहे आणि ते मराठी वाचकाला चटकन उमगेल. कमोडोरच्या प्रोसेसरला बेरीज-वजाबाकी येते, गुणाकाराची आज्ञा त्याला मुळी नाहीच. फिरणारा घन किंवा गोल दाखवायचा तर गुणाकार हजारोंनी लागतात. पूर्वीच्या पिढीतील दुकानदार पावकी, निमकी, दिडकी मुखोद्गत असल्याने कागदाविना हिशेब करीत. डेमोकारही तेच करतो. उत्तरांची कोष्टके आधीच तयार करून मेमरीत ठेवतो आणि वेळ आली की आकडेमोड न करता नुसते उत्तर उचलतो.

पण सर्व संख्यांच्या सर्व गुणाकारांचे कोष्टक ६४ किलोबाइटमध्ये कसे मावणार? त्यासाठी बीजगणितातील एक जुने सूत्र कामी येते. दोन संख्यांची बेरीज घ्या, तिच्या वर्गाची चौथाई काढा. त्यातून त्या संख्यांच्या वजाबाकीच्या वर्गाची चौथाई वजा करा. जे उरते तो गुणाकार. सात आणि पाच घेऊ. बेरीज १२, वर्ग १४४, चौथाई ३६. वजाबाकी २, वर्ग ४, चौथाई १. छत्तीसातून एक गेला, उरले ३५. म्हणजे वर्गांच्या चौथाईचे एकच छोटे कोष्टक पाठ असले की कोणताही गुणाकार दोन वेळा कोष्टक पाहून आणि एक वजाबाकी करून मिळतो.

तिसरी युक्ती मदतनिसाची. कमोडोरची १५४१ ही फ्लॉपी ड्राइव्ह म्हणजे जवळपास स्वतंत्र संगणकच आहे. तिला स्वतःचा प्रोसेसर आणि दोन किलोबाइट मेमरी आहे. मूळ पद्धतीने ती सेकंदाला तीन-चारशे बाइट एवढ्या गोगलगाईच्या गतीने माहिती देते. डेमोकार ड्राइव्हच्या प्रोसेसरलाच नव्या आज्ञा देऊन हा वेग अनेक पटींनी वाढवतात. पडद्यावर एक दृश्य चालू असताना पुढचे दृश्य पाठीमागे गुपचूप मेमरीत येत असते. ‘रिफ्लेक्स’ या गटाने २०२१ मध्ये यावर कडी केली. त्यांचा ‘फ्रीस्पिन’ हा डेमो कमोडोर संगणकाविनाच, नुसत्या फ्लॉपी ड्राइव्हवर चालतो. टीव्हीचा संकेत ड्राइव्हच्या तारेतून निघतो आणि संगीत वाजते ते फ्लॉपी वाचणारा भाग हलविणाऱ्या मोटारीच्या घरघरीतून.

कमोडोरच्या आवाजाच्या चिपला ‘सिड’ म्हणतात. रॉबर्ट यानिस या अभियंत्याने तिचा आराखडा केला. तिला सूर तीनच. स्वरमेळ वाजवायचा तर तीनही सूर त्यातच खर्ची पडतात. मग ठेका आणि चाल कोणी धरायची? त्यावर उपाय म्हणून एकाच सुराला सेकंदाला पन्नास वेळा निरनिराळ्या स्वरांवर उड्या मारायला लावतात. कानाला स्वरमेळाचा भास होतो. जुन्या व्हिडिओ गेममधील तो थरथरता आवाज या काटकसरीतून जन्मला. या चिपसाठी रचलेल्या संगीताचा हौशी मंडळींनी जो संग्रह केला आहे, त्यात आज पन्नास हजारांहून अधिक रचना आहेत.

एका वाक्याएवढी कृती

साधने कमी असताना ती आणखी कमी करून पाहण्याचीही या जगात हौस आहे. त्यासाठी आकाराची मर्यादा घातलेल्या स्पर्धा असतात. संपूर्ण आज्ञावली चार किलोबाइटमध्ये, एक किलोबाइटमध्ये, एवढेच काय, २५६ बाइटमध्ये बसवायची. २५६ बाइट म्हणजे किती? संगणकावर मराठी मजकूर साठविण्याच्या आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. त्या हिशेबाने २५६ बाइटमध्ये मराठीचे बारा-तेरा शब्दांचे एखादे वाक्य मावेल.

स्वीडनचे लिनस ओकेसन यांनी २०१७ मध्ये कमोडोर ६४साठी एवढ्याशा जागेत ‘अ माइंड इज बॉर्न’ हा डेमो रचला. तो दोन मिनिटांहून अधिक काळ चालतो. त्यात ठेका आहे, खर्जाचा सूर आहे, सतत बदलत जाणारी चाल आहे आणि संगीतासोबत पडद्यावर उमलत जाणारी नक्षीही आहे. चाल मेमरीत साठवलेली नाही. संख्यांच्या एका साध्या नियमातून ती एकेक स्वर करीत निपजते. जर्मनीतील ‘रिव्हिजन’ मेळाव्यात चार किलोबाइटच्या गटात हा डेमो पहिला आला. म्हणजे मुभा होती त्याच्या सोळाव्या हिश्शात त्याने बाजी मारली.

स्पर्धा, पण बिदागी नाही

या मेळाव्यांना ‘डेमोपार्टी’ म्हणतात. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांचे वातावरण ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना ते परके वाटणार नाही. महिनोन्महिने चाललेली तयारी, शेवटच्या रात्रीपर्यंत न संपलेले काम, अंधाऱ्या सभागृहात मोठ्या पडद्यावर एकामागून एक सादर होणाऱ्या कृती आणि चांगल्या जागेला उसळणारी दाद. येथे परीक्षक मात्र सहसा प्रेक्षकच असतात. मतदान करून तेच क्रम लावतात. फिनलंडमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेला ‘असेम्ब्ली’ आणि जर्मनीतील सारब्रुकेन शहरात २०११ पासून ईस्टरच्या सुटीत भरणारा ‘रिव्हिजन’ हे यातील नावाजलेले मेळावे. नेदरलँड्समधील ‘एक्स’ हा तर खास कमोडोर ६४चा.

बक्षिसाची रक्कम असली तरी नाममात्र. डेमो फुकट वाटला जातो. गटात आज्ञावली लिहिणारा, चित्रे काढणारा आणि संगीत देणारा असे निदान तिघे असतात. मोठ्या डेमोमागे डझनभर माणसे आणि वर्ष-दोन वर्षांचे श्रम असतात. नोकरी-संसार सांभाळून रात्री आणि सुटीच्या दिवशी केलेले हे काम. मोबदला एकच, समव्यवसायींची पसंती.

या छंदाचा व्यवहारात उपयोग झालाच नाही, असे मात्र नाही. ‘द सायलेंट्स’ या डेमोगटातील मंडळींनी १९९२ मध्ये स्वीडनमध्ये ‘डाइस’ ही कंपनी काढली आणि पुढे ‘बॅटलफील्ड’ ही खेळमालिका घडविली. १९९३ मध्ये ‘सेकंड रिअॅलिटी’ हा पीसीवरील डेमो गाजविणाऱ्या ‘फ्यूचर क्रू’ या फिनिश गटातील काहींनी १९९५ मध्ये ‘रेमेडी’ स्थापन केली. ‘मॅक्स पेन’ हा खेळ तिचाच. लहान देशांत संगणकीय खेळांचा मोठा उद्योग उभा राहिला, त्याची मुळे काही अंशी या रात्रींच्या जागरणात आहेत.

भिंतीपलीकडचे स्पेक्ट्रम

पूर्व युरोपची कथा थोडी निराळी. साम्यवादी राजवटींच्या काळात पाश्चात्त्य संगणक तेथे सहजी मिळत नसत. स्पेक्ट्रमची रचना साधी असल्याने त्याच्या नकला घरोघरी आणि कारखान्यांतून तयार होऊ लागल्या. चेकोस्लोव्हाकियात ‘डिडाक्टिक’ निघाला, रशियात ‘पेंटागॉन’ लोकप्रिय झाला. पश्चिमेत स्पेक्ट्रम मागे पडत चालला होता, त्या १९९०च्या दशकात रशियात त्याच्यावरील डेमोंना बहर आला होता.

यातून एक गमतीदार अडचण उभी राहिली. पेंटागॉनचे ठोके मूळ ब्रिटिश स्पेक्ट्रमशी तंतोतंत जुळत नाहीत. जेथे एकेका ठोक्याचा हिशेब असतो, तेथे एवढा फरक पुरेसा ठरतो. पेंटागॉनसाठी रचलेला डेमो मूळ स्पेक्ट्रमवर विस्कटतो आणि मूळ यंत्राचा डेमो पेंटागॉनवर. पोलंडमध्ये अटारी कंपनीचे आठ बिटी संगणक अधिक पसरले, त्यामुळे तेथील हौशींची निष्ठा आजही अटारीशी आहे. कोणत्या देशात कोणते यंत्र जिवंत राहिले, हे असे त्या देशाच्या तत्कालीन बाजारपेठेने आणि राजकारणाने ठरविले.

वारसा कशाला म्हणावे?

एप्रिल २०२० मध्ये फिनलंडने डेमोसीनची नोंद आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केली. मार्च २०२१ मध्ये जर्मनीने, त्याच वर्षाच्या अखेरीस पोलंडने आणि २०२३ मध्ये नेदरलँड्सने तिचे अनुकरण केले. ‘युनेस्कोने डेमोसीनला मान्यता दिली’ असे अनेकदा लिहिले जाते, ते अचूक नाही. युनेस्कोच्या २००३ च्या करारानुसार प्रत्येक देश आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाची सूची ठेवतो. या नोंदी अशा राष्ट्रीय सूच्यांमधील आहेत.

येथे ‘अमूर्त’ हा शब्द महत्त्वाचा. महाराष्ट्रातील शिवकालीन किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तो दगडाचुन्याचा वारसा. कुंभमेळ्याची २०१७ मध्ये झालेली नोंद अमूर्त वारशाची. तेथे जपायची असते ती परंपरा. डेमोसीनची नोंद या दुसऱ्या प्रकारातील आहे. कमोडोरचे यंत्र काचेच्या कपाटात ठेवून ती जपली जाणार नाही. ते यंत्र जाणणारी आणि त्याच्यासाठी नवे काही रचणारी माणसे असतील तोवरच ती टिकेल.

आणि नेमकी तेथेच खरी चिंता आहे. कमोडोर कंपनी एप्रिल १९९४ मध्ये बुडाली. सिड चिप आता मूळ स्वरूपात कोणी बनवत नाही. उरलेल्या चिप वापरताना जळतात आणि एक जळली की जगातील साठा एकाने घटतो. तिच्यातील काही भाग असा आहे की एकाच आराखड्याच्या दोन चिपसुद्धा तंतोतंत सारख्या वाजत नाहीत. तेव्हा प्रत्येक चिपसोबत एक विशिष्ट आवाजही जातो. काचेच्या नळीचे टीव्ही भंगारात गेले. ज्या किरणाशी शर्यत लावून हे सारे उभे राहिले, तो किरण सपाट पडद्याच्या टीव्हीत नाहीच. ज्यांनी कोवळ्या वयात ही यंत्रे हाताळली, ती पिढी आता पन्नाशीत किंवा त्यापुढे आहे.

यावर दोन दिशांनी प्रयत्न सुरू आहेत. एक म्हणजे जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर, म्हणजे इम्युलेटर. प्रारंभीचे इम्युलेटर खेळ चालविण्यापुरते ठीक होते. डेमो त्यांच्यावर विस्कटत. डेमोकारांनी शोधलेली चिपची प्रत्येक खोड इम्युलेटर लिहिणाऱ्यांना उतरवून घ्यावी लागली. आज ‘व्हाइस’सारखा इम्युलेटर एकेका ठोक्यापर्यंत अचूक आहे, याचे बरेचसे श्रेय या अवघड डेमोंना जाते. दुसरी दिशा नव्या यंत्रांची. स्पेक्ट्रमच्या रूपाचे नवे यंत्र नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा दुकानांत आले आणि बंद पडलेल्या सिड चिपच्या जागी बसवायचे नवे पर्यायही हौशी मंडळी तयार करीत आहेत.

मूळ यंत्र संपल्यावर नकलेसाठी रचलेला डेमो खरा मानायचा का? या प्रश्नावर या जगात एकमत नाही. बहुतेकजण आज आज्ञावली लिहितात ती आधुनिक संगणकावर आणि तपासतात ती इम्युलेटरवर. स्पर्धेच्या पडद्यावर मात्र मूळ यंत्रच लागावे, असा आग्रह अनेक मेळाव्यांत धरला जातो. मर्यादा खरी असेल तरच ती ओलांडण्याला अर्थ, हा त्यामागचा विचार. इम्युलेटरमधील मर्यादा एक ओळ बदलून काढून टाकता येते; लोखंडी पत्र्याखालच्या चिपमधील नाही.

आपल्याशी नाते

भारतात ही यंत्रे अगदीच अनोळखी नव्हती. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा अडीचशेच्या आसपास शाळांत जे संगणक पोहोचले ते ब्रिटनचे आठ बिटी ‘बीबीसी मायक्रो’. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने काढली. परंतु युरोपात हे यंत्र मुलाच्या झोपण्याच्या खोलीत रात्रभर त्याच्या हाती असे. शाळेत आठवड्यातून एखादा तास वाट्याला येणाऱ्या यंत्राच्या स्वभावाचा असा ध्यास घेणे कठीण होते.

तरीही येथील हजारो अभियंत्यांना या कलेचा गाभा अपरिचित नाही. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे शिकविला गेलेला ८०८५ हा १९७६ चा प्रोसेसर याच आठ बिटी कुळातला. कागदावर आज्ञा लिहायच्या, एकेकीला किती ठोके लागतात ते पुस्तकात पाहायचे आणि छोट्या कळांवर सोळांच्या पद्धतीतील आकडे दाबत ते मेमरीत भरायचे. परीक्षेपुरता केलेला हा खटाटोप डेमोकार हौसेने चाळीस वर्षे करीत आले आहेत. तो निरुपयोगीही नाही. धुलाईयंत्र, रिमोट, वीजमीटर अशा वस्तूंमध्ये आजही मोजक्या किलोबाइटच्या लहानग्या चिप काम करतात आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्याला काटकसर यावीच लागते.

आजच्या संगणकात काय चालते, हे संपूर्णपणे जाणणारा एकही माणूस जगात नसेल. ते आता एका डोक्यात मावत नाही. कमोडोर किंवा स्पेक्ट्रम एका माणसाला अखेरच्या तारेपर्यंत समजू शकतात. हाताखालचे यंत्र पूर्णपणे आपल्या आकलनात असण्याचा अनुभव आज इतरत्र दुर्मीळ झाला आहे आणि नव्या पिढीतील काहींना या जुन्या यंत्रांकडे ओढून आणते ते हेच.

ज्यांना हे पाहायचे आहे, त्यांना जुने यंत्र मिळविण्याची आवश्यकता नाही. इम्युलेटर विनामूल्य मिळतो आणि डेमोही. मात्र एखाद्याच्या माळ्यावर त्या काळातील संगणक पडून असेल तर उत्साहाच्या भरात तो थेट विजेला जोडू नये. जुन्या ॲडॉप्टरमधील भाग वयोमानाने निकामी होतात. विशेषतः कमोडोर ६४चा ॲडॉप्टर बिघडला की वाजवीपेक्षा अधिक दाबाची वीज आत सोडतो आणि चिप जाळतो. आधी जाणकाराकडून ॲडॉप्टर तपासून घ्यावा, लागल्यास नवा बसवावा आणि मगच कळ दाबावी.